म्हात्रेभाऊजींची बसकी गाडी

म्हात्रेभाऊजींच्या गाडीत बसायचं तर पायात चपला चांगल्या हव्यात. स्पीडब्रेकर आला की ते गाडी थांबवायचे, मागे वळून हात जोडायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा उतरता?" मग आम्ही सगळे उतरायचो, चालत पलीकडे जायचो आणि मागून रिकामी गाडी पोट सांभाळत, तिरकी तिरकी होत यायची. पुन्हा बसा. बोळिंजहून विरार स्टेशनला मी त्यांच्या गाडीने गेले आहे, पण निम्मी वाट पायी. वर त्यांच्याकडून गाडीचं कौतुक ऐकायचं, "बघितलंत? कशी जमिनीला धरून चालते!"

अहो, आम्हीही जमिनीला धरूनच चालत होतो की!

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. बोळिंजला तेव्हा नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. आम्ही दादरहून तिथे आलो आणि शेजार मिळाला भाऊजींचा. मूळचे वसईकडचे, वाडीवाले, सरकारी कचेरीत कारकून. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण एक जुनी निळी गाडी घेतली आणि तिला खाली बसवायच्या, तिचं पोट जमिनीलगत आणायच्या नादी लागले. लोक गाडी घेतात, पेढे वाटतात, लिंबू-मिरची बांधतात. ह्यांनी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात स्प्रिंगा कापून आणल्या.

"बूड खाली, तर डोकं शांत," हे त्यांचं ब्रीद. कुणी विचारो न विचारो, समजावून सांगायचे. "उंच गाडी वळनावर बाहेर कलते, आतला मानूस तिच्यासंगती कलतो. वजन खाली आनलं की कलनं कमी." हे माझ्या डोक्यात उतरावं म्हणून एकदा थेट माझ्या ओट्यापाशी आले. "ही उभी कळशी, हे बसकं पातेलं. ढकलून बघा, आधी कोन पडतं?"

मी म्हटलं, "दोन्ही माझीच आहेत. ढकलू नका."

पहिल्या खेपेला स्प्रिंगा जास्तच कापल्या गेल्या. गाडी करडासारखी उड्या मारायला लागली. वळणावर चाक मडगार्डला खर्रकन घासायचं, स्टिअरिंग आपल्या मनाने डावीकडे ओढायचं, टायर आतल्या अंगाने झिजून गुळगुळीत झाले. दर रविवारी भाऊजी गाडीखाली आणि बाहेर फक्त दोन पाय. सोसायटीतले लोक त्या पायांनाच नमस्कार करून पुढे जायचे.

मला मात्र हसू यायचं नाही, राग यायचा. कारण सुनंदावहिनी, म्हणजे भाऊजींची बायको. कानाच्या दुखण्यातून उठल्या, पण चक्कर मागे राहिली. घरात ठीक असायच्या. वाहनात बसल्या आणि वाहन वळलं की त्यांना सगळं जग फिरायचं. त्यांचं माहेर निर्मळच्या पुढे, जवळच. तिथे आई अंथरुणाला खिळलेली. तिचा निरोपावर निरोप यायचा, 'सुनंदाला एकदा बघू दे.' एकदा वहिनी हिय्या करून रिक्षात बसल्या, तर सोपाऱ्यालाच अर्धमेल्या होऊन परत आल्या. त्यानंतर माहेरचं नाव निघालं की नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या.

आणि हे गृहस्थ गाडीखाली! एका रविवारी मी त्या पायांपाशी उभी राहून सुनावलंच, "भाऊजी, तिकडे म्हातारी डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय. लाज वाटते का काही?"

पाय थांबले. मग हळूहळू भाऊजी बाहेर सरकले. नाकाला ग्रीस.

"वहिनी, मग हे मी कोनासाठी करतोय? तिला धक्का चालतो, डोलनं चालत नाय. गाडी डोलायची थांबली तर ती आईकडे पोचेल."

मी घरी येऊन गुपचूप भात लावला.

खरी कमाल पुढे आहे. पुढच्या रविवारी सकाळी गॅलरीतून बघते तर पन्नाशीचा हा माणूस कंपाउंडात हात पसरून स्वतःभोवती गरागरा फिरतोय! फिर फिर फिरला, झोकांड्या खात गाडीच्या मागच्या सीटवर कोसळला आणि आमच्या ह्यांना ओरडून म्हणाला, "जाधव, चालवा!" वहिनींना जे होतं ते स्वतःला करून घेऊन गाडी तपासत होते. वळणावळणाच्या रस्त्याने जाऊन आले आणि उतरल्याबरोबर भिंतीपाशी भडभडून ओकले. तोंड पुसत म्हणाले, "अजून डोलते. तिला नाय चालनार."

मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आखूड पण ताठ स्प्रिंगा आल्या, त्यांच्या जोडीचे कडक शॉकअब्जॉर्बर आले, चाकं सरळ करून झाली. पुन्हा फिरणं, पुन्हा ओकणं. आम्ही बायका वटपौर्णिमेला वडाला फेरे घालतो, त्याचा केवढा गाजावाजा! ह्या माणसाने बायकोसाठी स्वतःभोवती फेरे घातले आणि चकार शब्द काढला नाही. मी तर मनातल्या मनात हात जोडले.

एका रविवारी ते ओकले नाहीत. गाडीतून उतरले, भिंतीला टेकून जरा उभे राहिले आणि मला म्हणाले, "वहिनी, तिला साडी नेसायला सांगा."

भाऊजी चालवायला बसले, वहिनींजवळ मागे मी. बसल्या बसल्या त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट धरलं. निर्मळच्या बाजूचा रस्ता सरळ जाईल तर शपथ. विहीर आली की वळतो, केळीची वाडी आली की वळतो. आज बिघडलं तर वहिनी पुन्हा कधी गाडीत बसणार नव्हत्या, हे तिघांनाही ठाऊक होतं. पहिलं वळण आलं. धक्के म्हणाल तर माझं माकडहाड अजून सांगेल, पण गाडी कलली नाही. जेवायच्या पाटावर बसल्यासारख्या आम्ही बसलेल्या, आणि रस्ता आपला खालून वळत गेला. दुसरं वळण, तिसरं. भाऊजींचा एक डोळा रस्त्यावर, एक आरशात.

मनगटावरची पकड कधी सैल झाली ते मला कळलंच नाही.

"अवो," वहिनी म्हणाल्या, "इथल्या विहिरीचा रहाट कदी काढला?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

वहिनी घाबरून पुढे वाकल्या. "काय झालं? तुमाला गरगरतंय काय?"

"हां," भाऊजी तसेच म्हणाले. "थोडं."

वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मग जरा बसा. सावकाश जाऊ. आई काय पळून चाललीय?"