संत पेत्राचा नशिराबादी कोंबडा

"यंदाचं कीर्तन असं रंगेल, की लोक वरण-बट्टी विसरतील!" दीपनगरच्या चर्चच्या पायरीवर उभं राहून अमृतभाऊंनी छातीवर हात मारला.

खानदेशी माणसाला वरण-बट्टी विसरायला लावणं म्हणजे काय खायचं काम आहे? पण अमृतभाऊंचा कीर्तनावर जीवच तसा. बारा प्रेषितांच्या गोष्टी त्यांनी वाचल्या कमी आणि ऐकल्या जास्त, जामनेरच्या रतिलालनानांच्या मांडीला मांडी लावून. तोमा संशयात पडला की नानांचा टाळ अडखळायचा. पेत्र पाण्यावरून चालू लागला की ऐकणारे आपापली चप्पल उचलून धरायचे! आता नाना थकले आणि त्यांचा टाळ अमृतभाऊंच्या हाती आला.

टाळ आला, पण ऐकायला माणसं कुठे होती? कमिटीच्या सुनंदाबाईंनी सरळच सांगितलं, "भाऊ, मागच्या वर्षी निम्मा मंडप घोरत होता. पेत्र-पौलाच्या सणाला यंदा शेवटचं कीर्तन. रंगलं तर रंगलं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून गिटारवाला बँड."

"गिटारवर पेत्र रडेल का हो?" अमृतभाऊ कळवळले.

"तुमच्या कीर्तनात तरी कुठे रडतो? जांभया देतो!"

हे मात्र लागलं. नानांची परंपरा आपल्या हातून बुडायची? रात्रभर कूस बदलून सकाळी अमृतभाऊ अंथरुणातून ताडकन उठले. "सापडलं! पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला. तो कोंबडा आपण आजवर तोंडाने सांगत आलो. यंदा खरा आरवेल!"

"कोण आरवेल?" त्यांच्या बायकोने, ज्योत्स्नाबाईंनी, चहा गाळता गाळता विचारलं.

"कोंबडा!"

"देवा, यांना सांभाळ," त्या म्हणाल्या. पण पेटी त्याच वाजवायच्या, त्यामुळे सुटका नव्हती.

कोंबडा मिळाला नशिराबादला, कादरभाईंकडे. कादरभाई पेट्या दुरुस्त करायचे. अमृतभाऊंच्या पेटीचा भाता त्यांनी इतक्यांदा शिवला होता, की आता त्यात पेटी कमी आणि कादरभाई जास्त उरले होते. त्यांच्या अंगणातला तुरेबाज कोंबडा म्हणजे तर गावचा भोंगाच!

"घेऊन जा, भाऊ. फक्त एक शर्त. माझा मुर्गा तुमच्या संताच्या गोष्टीत काम करणार, तर मीही बघायला येणार."

"येणार म्हणजे? माझ्या शेजारी बसणार! दुनिया इकडची तिकडे होऊ दे, कादरभाई, हा अमृत तुम्हाला विसरायचा नाही!"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा बरं का. संत पेत्रही अस्संच म्हणाला होता.

तालीम सुरू झाली. कोंबडा बांबूच्या डाल्याखाली झाकायचा. अमृतभाऊंनी पेत्राच्या आवाजात ओरडायचं, "मी त्या माणसाला ओळखत नाही!" डालं उचलायचं, कोंबडा आरवला की पुढ्यात ज्वारीचे दाणे टाकायचे. आठवड्याभरात कोंबडा एवढा तयार झाला, की त्याला हे वाक्य पुरे! डालं उचलायचीही वाट बघेना.

"काय ग्रहणशक्ती!" अमृतभाऊंचा ऊर भरून आला.

सणाचा दिवस उजाडला. मंडप गच्च. पुढच्या रांगेत फादर, सुनंदाबाई आणि कीर्तन ऐकायला धुळ्याहून खास आलेल्या बेबाबाई. मागे बट्ट्यांच्या पराती, वरणाचं पातेलं. डालं टेबलाखाली, वर झालरीचं कापड. कादरभाईंच्या एसटीला उशीर झाला होता.

पूर्वरंग असा रंगला, की एकही जांभई नाही! उत्तररंगात पेत्र याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी आला. दासीने त्याला निरखून पाहिलं, 'तू त्याच्याबरोबरचाच ना रे?' अमृतभाऊंनी उपरणं झटकलं, डोळे मोठे केले आणि गरजले, "मी त्या माणसाला ओळखत नाही!"

"कुकूचकूऽऽ!"

अहो, पहिल्याच नकाराला! अजून दोन बाकी होते! शास्त्रच मोडलं! मंडपात खसखस पिकली.

"हा... हा शेजारच्या वाड्यातला कोंबडा होता," अमृतभाऊंनी सारवासारव केली. "आपला अजून झोपलाय."

पण आपला झोपला नव्हता. आरवून झालं, दाणे कुठायत? त्याने आतून अशी धडक दिली, की डालं उलटलं, झालर फाटली आणि कोंबडा हिशेब मागायला बाहेर आला! तिथून थेट बेबाबाईंच्या अंबाड्यावर. बेबाबाई किंचाळल्या, "अरे देवा! हाऊ कोंबडा कोना शे?" तिथून बट्ट्यांच्या परातीत. बट्ट्या चेंडूसारख्या घरंगळल्या, वरणाचं पातेलं कलंडलं. सारा मंडप उभा!

सुनंदाबाई कंबरेवर हात ठेवून आल्या. "अमृतभाऊ, हा कोंबडा तुमचा?"

"माझा? छे! मला काय माहीत?"

फादर आले. "अमृत, ज्योत्स्नाबाई तर म्हणतात, तू आठवडाभर याला शिकवत होतास."

"फादर, शपथेवर सांगतो, हा आमचा नाहीच!"

ज्योत्स्नाबाईंनी पेटीवर डोकं टेकलं. पेटीतून लांबलचक भेसूर सूर निघाला.

एवढ्यात मंडपाच्या दारात कादरभाई! नवा कुडता, डोळ्यांत सुरमा, हातात मोगऱ्याचा हार, कीर्तनकारासाठी. "अमृतभाऊ! जमलं का आपल्या मुर्ग्याचं?"

सगळ्या माना अमृतभाऊंकडे वळल्या. नानांचा टाळ, गिटारवाला बँड, सांडलेलं वरण, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे गरगरलं. "कोण, तुम्ही? मी... मी ह्या माणसाला ओळखत नाही!"

"कुकूचकूऽऽकूऽऽ!"

परातीतून झेप घेऊन कोंबडा अमृतभाऊंच्या खांद्यावर येऊन बसला. तोंडाकडे बघू लागला. दाणे?

मंडपात कोणी हसलं नाही. कादरभाई रागावले नाहीत. त्यांनी फक्त अमृतभाऊंकडे पाहिलं, हार हातात तसाच. आणि कोंबडा आरवल्यावर प्रभूने वळून पाहिलं तेव्हा पेत्राचं काय झालं असेल, हे आयुष्यात पहिल्यांदा अमृतभाऊंना कळलं! ते ढसाढसा रडू लागले. कोंबड्यासकट कादरभाईंच्या गळ्यात पडले. "ओळखतो हो! कोंबडा माझ्यामुळेच आला, आणि हा माणूस माझा सख्ख्या भावासारखा आहे!"

"ओळखता ना? मग बसू द्या शेजारी," कादरभाईंनी हार त्यांच्या गळ्यात घातला. "आणि पुढची गोष्ट सांगा. तुमच्या संताला माफी मिळाली की नाही?"

"मिळाली! अहो, नुसती माफी नाही, भक्तांचा सगळा कळपच सोपवला त्याच्यावर!" अमृतभाऊंनी रडत रडत टाळ उचलला. ज्योत्स्नाबाईंनी सूर धरला. मग कीर्तन असं चढलं, की फादरांनी डोळे टिपले, बेबाबाई हुंदके देत म्हणाल्या, "बठ्ठं खरं शे! सगळं खरं!" आणि वरण-बट्टी लोक खरोखर विसरले. अर्थात, उरली तरी कुठे होती?

"पुढच्या वर्षीही कीर्तनच," सुनंदाबाईंनी नाक ओढत जाहीर केलं. "पण कोंबडा नको!"

"छे छे! पुढच्या वर्षी संत पौलाची पाळी," अमृतभाऊ उत्साहाने म्हणाले. "दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर लख्ख उजेड पडतो आणि चित्रांत दाखवतात तसा पौल घोड्यावरून धाडकन..." बोलता बोलता ते थांबले. हळूच कादरभाईंकडे झुकले.

"कादरभाई, घोडा आहे का हो तुमच्या ओळखीत?"

ज्योत्स्नाबाईंनी खाडकन पेटी बंद केली.