कवळीबाईंची रजा

"एक आठवडा पुष्कळ झाला," लॅबचे मालक म्हणाले. "काम तर बसूनच आहे."

कवळीबाईंनी हातातली तापलेली सुरी स्पिरिटच्या दिव्याशेजारी खाली ठेवली. बरं केलं. त्या क्षणी ती हातात राहिली असती, तर मालकांनाच आठवडाभराची रजा घ्यावी लागली असती.

बाई कवळ्या बनवत. डेंटिस्टांकडून तोंडाचे साचे येत आणि बाई मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. त्यांना स्वतःला मात्र हल्ली हसू येत नसे. वजन इतकं वाढलं होतं, की जिना चढून आल्यावर हात स्थिर होईपर्यंत पहिल्या दाताला शिवता येत नसे. गुडघे, साखर, रक्तदाब, सगळ्यांनी एकदम संप पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. आणि आता हे गृहस्थ आठवडा म्हणत होते.

"सर, पोट कापणार आहेत. केस नाही."

"दुर्बिणीने करतात हो हल्ली. माझ्या मेव्हण्याचं पित्ताशय काढलं, तर चौथ्या दिवशी गाडी चालवत होता."

"तो गाडी चालवत होता तेव्हा मी रस्त्यावर नव्हते म्हणून वाचले. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितलेत. नुसतं पातळ प्यायचं, चक्कर येणार, हात थरथरणार. थरथरत्या हाताने पुढचे दात बसवले, तर लोक सशासारखे दिसतील. चालेल?"

"दहा दिवस घ्या."

बाईंनी आपल्या सुऱ्या एकेक करून पुसल्या आणि पिशवीत भरायला घेतल्या. तिसरी सुरी पिशवीत गेली तेव्हा मालक मूत्रपिंड दान केल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "घ्या बाई, तीन आठवडे घ्या."

इतक्या वर्षांत बाईंनी सलग एवढी रजा कधी घेतली नव्हती. त्या जिंकून घरी गेल्या आणि तिथेच त्यांचं चुकलं. ही रजा त्यांनी घरात जाहीर केली.

"तीन आठवडे?" नवऱ्याचे डोळे चमकले. बाईंना वाटलं, काळजीने. "म्हणजे तू घरी असणार? अगं, मग रंगाऱ्याला बोलावून टाकतो. दोन वर्षं रखडलंय ते, घरात कुणी नसतं म्हणून."

"मी ऑपरेशन होऊन पडलेली असणार आहे."

"पडूनच तर बघायचंय. तो रंगवणार, तू बघणार."

"बाबा असतात की घरी."

सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी असतो, सूनबाई. पण मला रंगातलं काय कळतंय?" पेपरातलं त्यांना सगळं कळत असे. सरकार कसं चालवावं हे रोज सकाळी ते सांगत. भिंत मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

एकदा रंगारी येणार म्हटल्यावर भिंतीतली ओल आधी काढायला हवी, म्हणून प्लंबर ठरला. बाई घरी आहेत हे प्लंबरकडून शेजाऱ्यांना कळलं आणि अख्ख्या मजल्याची पार्सलं बाईंच्या दारात ठेवायला सांगण्यात आली. नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुम्हाला चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मग आमचा कुत्रा ठेवून घ्या ना पंधरा दिवस. आम्ही फिरायला चाललोय. त्याच्यामुळे तुमचं चालणं चुकणार नाही."

"मला हळू चालायला सांगितलंय."

"तो पण म्हातारा झालाय हो."

साफ खोटं होतं ते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर खूश होते, नर्स खूश होत्या. बाई पोट धरून घरी आल्या, तर त्यांचा पलंग हॉलच्या मधोमध ओढून ठेवलेला, त्यावर रंगाचे डबे मांडलेले आणि आत बाथरूममध्ये प्लंबर हातोड्याने ठोकतोय. "दोन दिवसांचं काम आहे," नवरा म्हणाला आणि ऑफिसला गेला. त्याची रजा शिल्लक होती, पण ती म्हणे तो काही महत्त्वाच्या कामासाठी राखून ठेवत होता.

बाईंचा आहार म्हणजे दर थोड्या वेळाने चमचाभर गाळलेलं सूप, चमचाभर पाणी. तो चमचा तोंडापर्यंत गेला की हमखास कुणीतरी हाक मारी.

"ताई, हॉलला हा पांढरा लावू की हा?" रंगारी दोन पट्ट्या दाखवी. दोन्ही सारख्याच दिसत.

"कुठलाही लावा."

"असं कसं? नंतर तुम्हीच बोलणार."

बाईंनी एक पट्टी दाखवली. संध्याकाळी नवरा म्हणाला, "हा कशाला निवडलास? पिवळट दिसतोय."

आणखी एक शोध नवऱ्याने लावला. तो त्याने फार प्रेमाने सांगितला. "तू आता जेवत नाहीस, म्हणजे तुझा केवढा वेळ वाचतोय बघ." वाचलेला वेळ स्वयंपाकात गेला. स्वतः काही खाता येत नसताना माणूस इतरांसाठी कसा रांधतो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मीठ चाखून बघायचीसुद्धा सोय नव्हती. त्यावर सासरे म्हणाले, "हल्ली तुझ्या हाताची चव गेली गं."

बाई त्या क्षणी ओट्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांना रडू आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. मालकांशी भांडून, सुऱ्या पिशवीत भरून मिळवलेली ती रजा! तिची अक्षरशः लूट चालली होती आणि लुटणारे सगळे मायेने "बरं आहे ना?" विचारत होते. त्यांनी झारा आपटला. झाऱ्याच्या आवाजाने कुत्रा उठला आणि त्याला वाटलं, फिरायची वेळ झाली.

कडेलोट कपाटाने केला. ते सरकवल्याशिवाय मागची भिंत रंगवता येईना. रंगाऱ्याचा जोडीदार आला नव्हता. सासऱ्यांची कंबर नेमकी तेव्हाच धरली. बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"तू अजिबात उचलू नकोस हं," नवरा कळवळून म्हणाला. "नुसतं एका बाजूने धर."

बाईंनी एका बाजूने धरलं. रंगाऱ्याने दुसऱ्या बाजूने ढकललं. पोटात अशी कळ आली, की त्या तिथेच खाली बसल्या आणि तशाच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी तपासलं. टाके जागेवर होते. जागेवर नव्हता तो डॉक्टरांचा पारा. "इतक्यात कामावर गेलात? मी काय सांगितलं होतं? तुमचे मालक माणूस आहेत की कोण?"

"मी रजेवर आहे, डॉक्टर."

"मग हे वजन कुठे उचललंत?"

"रजेतच."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघा, असं चाललं तर आतून फाटेल आणि परत टेबलावर यावं लागेल. तुम्हाला पूर्ण विश्रांती हवी. मी आणखी तीन आठवड्यांची रजा लिहून देतो."

"नको!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की बाहेरच्या पेशंटनी आत डोकावून पाहिलं. "माझ्या जिवावर उठलात का तुम्ही? अजून तीन आठवडे मी नाही वाचणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नीट साडी नेसल्या, सूपचा थर्मास घेतला आणि घरात सांगितलं, "रजा संपली. लॅबने बोलावलंय." नवरा चहाचा कप धरून तसाच उभा राहिला. "अगं, पण बेडरूम व्हायचीय अजून! आणि कुत्रा?" त्याला प्रथमच बायकोच्या प्रकृतीची खरीखुरी काळजी वाटली. "एवढ्या लवकर जाऊ नये गं. तब्येतीशी खेळू नये माणसाने."

बाई जिना उतरल्या. लॅबचा जिना दम खात, पण एकदाही न बसता चढल्या. मालकांनी त्यांना पाहिलं आणि आनंदाने तीन साचे पुढे केले.

"मी रजेवर आहे," बाई म्हणाल्या.

"मग इथे कशा?"

"रजा घ्यायला आलेय."

लॅबच्या मागच्या खोलीत दातांच्या डॉक्टराची एक जुनी खुर्ची पडून होती, मागे कलणारी. बाईंनी तिच्यावरची खोकी मालकांनाच उचलायला लावली, मग त्या आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मालक दारात उभे. "बाई, हे बरोबर नाही. एकतर घरी जा, नाहीतर काम करा. निदान एवढे पुढचे दोन दात—"

बाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. मालक साचे घेऊन परत गेले. बाईंच्या टेबलाशी बसून ते स्वतः दात बसवू लागले आणि दुपारपर्यंत त्यांना कळलं, की 'बसून' असलेल्या या कामाने मान कशी धरते.

हे असं चार-पाच दिवस चाललं. मालक धुसफुसत होते, बाई झोपत होत्या. घरी नवऱ्याने अखेर ती राखून ठेवलेली रजा काढली होती. एका दुपारी लॅबमधला फोन वाजला. मालक नेमके एका अवघड सुळ्याशी झटत होते. तो तिसऱ्यांदा वाकडा बसला होता.

"साहेब, मी तिचा नवरा," पलीकडून आवाज आला. मागे कुत्रा भुंकत होता आणि कुणीतरी ठोकत होतं. "तिला पाठवून द्या हो घरी. इथे रंगारी डोकं खातोय, बाबांना गिळायला वेळेवर लागतं, मी एकटा काय काय बघू? आणि तुमच्याकडे तिचं असं काय अडलंय? दात तर चिकटवायचे. ते काय कुणीही करेल."

मालकांच्या हातातला सुळा निसटला आणि टेबलाखाली गेला. त्यांचे कान लाल झाले. मान अवघडली होती, बोटांना मेणाचे चटके बसले होते. त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. कवळीबाई खुर्चीत पसरून तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या आणि सबंध लॅबला ऐकू जाईल असं घोरत होत्या.

"त्या कामात आहेत," मालक दातओठ खात म्हणाले. "महिनाभर तरी उठता येणार नाही त्यांना."

त्यांनी फोन आपटला आणि मागच्या खोलीचं दार आवाज न करता लोटून घेतलं.