दम मोजणारे राऊतकाका

तुम्हाला किती दम लागलाय हे ठरवायचा हक्क तुम्ही यंत्राला कधी दिलात?

वसईतल्या आमच्या जिममध्ये हा हक्क न दिलेला एकच माणूस होता. सांडोरचे केळीबागायतदार राऊतकाका. वय पासष्टच्या पुढे. ट्रेडमिलवर चढले की पहिलं काम, समोरच्या आकड्यांवर पंचा टाकायचा.

"याने ना माझं वजन विचारलं, ना वय. आणि कॅलरी सांगतोय! कोणाच्या?"

प्रश्न रास्त होता. मी शेजारच्या मशीनवर दोन्ही हातांनी दांडा धरून चालायचो आणि वाढत्या आकड्यांवर खूश असायचो. काका बघायचे. "सुहास, भार सगळा दांड्यावर आणि कॅलरी तुझ्या नावावर?"

काकांचं माप त्यांच्या डॉक्टरांनी शिकवलेलं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता आलं तर वेग वाढवायचा, बोलता येईना तर कमी करायचा. हे स्वतःपुरतं ठेवलं असतं तर भागलं असतं. पण काका सगळ्यांचीच परीक्षा घ्यायचे.

"काल डब्यात काय होतं?"

"वांगं."

"एका शब्दाने कळत नाही रे. पूर्ण वाक्य बोल!"

कोणी गुणगुणलं की लगेच, "आळशा, स्पीड वाढव!" एका बाईंना त्यांनी सुनेविषयी विचारलं. त्या श्वास न घेता बोलतच राहिल्या. काकांनी निकाल दिला, "ताई, तुम्हाला हा स्पीड फारच कमी पडतोय."

शेवटी तक्रार झाली. जिम चालवणाऱ्या प्रकाशने पाटी लावली. 'मशीनवर बोलू नये.'

काकांनी पाटी वाचली. दोनेक दिवस गप्प चालले. मग एका सकाळी मध्येच उतरून पिशवी भरू लागले. "उद्यापासून येत नाही."

मी प्रकाशशी भांडलो. "अरे, ती दम मोजायची पद्धत आहे!"

"मग काकांनी आपल्या बागेत मोजावा की. तिथे कोण अडवतंय?"

काका चपला घालत होते. "मोजून पाहिला रे, प्रकाश. तुमची काकू गेल्यापासून रोज बोलत चालतो तिथे. केळी उत्तर देत नाहीत."

प्रकाश टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. काका जिना उतरले. पाटी तशीच राहिली.

तुमच्या जिममध्ये अशी पाटी असेल तर आजच उतरवायला लावा. मालक ऐकत नसेल, तर तिच्यासमोरच शेजारच्या माणसाशी बोलायला लागा. मोठ्याने.