लाकूड, बूच, हाड

मेहुण्याचं करवतीचं यंत्र परदेशातून येऊन बंदराच्या गोदामात उतरलं, आणि त्याची फाईल नेमकी दाजींच्या टेबलावर आली. दाजी म्हणजे मेहुण्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आलेला माल कस्टमच्या कुठल्या रकान्यात बसतो, म्हणजे त्यावर किती कर लागतो, हे ठरवणं हीच त्यांची नोकरी.

मेहुण्याचा सुतारकामाचा कारखाना जुन्या यंत्राची मोटर जळाल्यापासून बंद होता. चांगले कारागीर सोडून गेले होते, उरलेले दारात बसून राहायचे. एका शाळेची बाकं करून द्यायची होती आणि शाळा उघडायला आली होती. मेहुण्याने दाढी करणंही सोडलं होतं.

"अहो, त्यात ठरवायचंय काय?" बायको म्हणाली. "माझा भाऊ सुतार. लाकूड कापतो. तसं लिहा आणि मोकळे व्हा."

"उद्या कोणी म्हणेल, घरचा माल म्हणून सोडला."

"कोण म्हणेल?"

खरं तर कोणीच म्हणालं नसतं. पण दाजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, हा माल माझ्या मेहुण्याचा आहे. निर्णय आपण घ्यावा."

साहेबांनी चष्मा काढला. स्वतःहून काही कबूल करायला त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. "काही नसतं तर हा सांगायला कशाला आला असता?" असं ते हेडक्लार्कपाशी बोलले, आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्याला तसंच वाटू लागलं. शेवटी यंत्र चालवून दाखवा, असा हुकूम निघाला.

गोदामात खुर्च्या मांडल्या गेल्या. मेहुणा बिचारा एक फळी घेऊन आला होता. साहेबांनी जाडजूड पुस्तक उघडून वाचलं, "लाकूड, बूच, हाड, कडक रबर." हे सगळं एकाच रकान्यात होतं. त्यांनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "हाडं कापणार आहात?"

"कोणाची?" मेहुण्याने विचारलं.

दाजींनी डोळे मिटले. फळी कापून झाली. सगळं तिथेच संपलं असतं, पण हेडक्लार्क उगाच म्हणाले, "लोखंड काही याला झेपणार नाही."

मेहुण्याला स्वतःबद्दल काहीही बोललेलं चालायचं, हत्याराबद्दल नाही. "झेपत नाही कसं? पातं बदललं की झालं."

दाजी मागून मान हलवून नको नको म्हणत होते. मेहुण्याने पातं बदललं, कोपऱ्यात पडलेली सळई घेतली आणि तिचे तुकडे केले. मग कोणी न विचारता एक फुटकी फरशीही कापून दाखवली. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

लाकडाचा रकाना वेगळा, धातूचा वेगळा, दगडाचा वेगळा. साहेबांनी विचार करून निर्णय दिला: मुख्य उपयोग कोणता, हे प्रत्यक्ष वापरावरूनच ठरेल, तोवर यंत्र गोदामातच, कस्टमच्या नजरेखाली चालवावं.

मग मेहुण्याने कारागिरांना गोळा केलं, लाकूड आणलं आणि गोदामातच बाकं करायला घेतली. एक कारकून नाकाला रुमाल बांधून समोर बसायचा आणि संध्याकाळी साहेबांना सांगायचा, "आजही लाकूडच." भुसा सगळ्या देशांच्या मालावर सारखाच बसत होता. मेहुणा पुन्हा दाढी करू लागला. ज्या दिवशी शेवटचं बाक झालं, त्याच दिवशी साहेबांनी यंत्र लाकडाच्या रकान्यातलं असल्याचं मान्य केलं. दाजी त्या रात्री शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी बाकांचा ट्रक फाटकावर अडला. तिथला अधिकारी नवीन बदलून आलेला होता. गोदामातून निघणारी प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी माल होती.

"हे बसायचं सामान की लिहायचं?" त्याने विचारलं.

"दोन्ही," मेहुणा म्हणाला. "मागे बसायचं, पुढच्या फळीवर लिहायचं."

"दोन्ही चालत नाही. खुर्ची म्हणा, नाहीतर टेबल म्हणा."

ठरवायला दाजींना बोलावलं गेलं. शाळा उद्या सकाळी उघडणार होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई ट्रकच्या सावलीत उभ्या राहून बाकं मोजत होत्या.

"तुम्ही सांगाल ते मी धरतो," अधिकारी दाजींना म्हणाला. "फक्त हा माणूस तुमच्या नात्यातला नाही ना? असला तर वर पाठवावं लागेल. रीतच आहे."

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याच्या केसांत अजून भुसा होता. वर म्हणजे कुठे, आणि तिथून माल कधी परततो, हे दाजींइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "माझा कोणी लागत नाही. हे बसायचं सामान आहे."

ट्रक गेला. दाजी कचेरीत परतले, पण दिवसभरात त्यांनी एकही फाईल उघडली नाही.

संध्याकाळी मेहुणा नवा शर्ट घालून त्यांच्या घरी आला. "ताई, आज दाजींनी मला तारलं गं. भर फाटकावर छातीठोक सांगितलं, हा माझा कोणी लागत नाही म्हणून. माझ्यासाठी खोटं बोलले."

बहीण वाढता वाढता थांबली. "असं म्हणाले? माझा भाऊ त्यांचा कोणी लागत नाही?"

"शब्दन् शब्द. मी शेजारीच होतो."

तिने भावाला पोटभर वाढलं, हाताने पुढे सरकवून दिलं. मग दाजींना न वाढताच पातेल्यावर झाकण ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "दाजी, माझं काही चुकलं का?"

"नाही रे," दाजी म्हणाले, आणि उठून स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेऊ लागले. त्या दिवसातलं हे त्यांचं दुसरं खोटं. ते पहिल्याइतकं जड गेलं नाही.