कोंडा मंजूर, पाणी विचाराधीन

आवक-जावक कारकुनाला मागच्या मंगळवारपासून शौचास झालेली नव्हती आणि आता सोमवार उजाडला होता. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या टपालाची नोंद ठेवायची, हे काम त्याने एकोणीस वर्षं बिनचूक केलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र आवक सुरळीत असून जावक सहा दिवस बंद पडावी, हे त्याच्या मनाला फार लागलं. तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी पोट दाबून पाहिलं.

"दिवसात पाणी किती पिता?"

"सकाळी एक ग्लास. मग संध्याकाळी, घरी गेल्यावर."

"आणि मध्ये?"

"मध्ये ऑफिस असतं."

बाईंनी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचूनही दाखवल्या. "एक, कोंडा, भाज्या, फळं हळूहळू वाढवा. दोन, त्याच्या जोडीला पाणी वाढवा. नुसता कोरडा कोंडा चापलात तर आत भिंत बांधाल. तीन, हाक आली की उठायचं. साहेब बोलत असले तरी."

औषध कुठलंच नव्हतं. कारकून थोडा हिरमुसला. पण चिठ्ठी घेऊन ऑफिसात आला आणि त्याने रीतसर अर्ज केला. कारण ऑफिसात पाण्याचं यंत्र तिसऱ्या मजल्यावर देखभाल शाखेच्या कुलपात होतं, आणि संडासाची किल्ली शिस्त शाखेच्या वहीत सही केल्याशिवाय मिळत नसे.

हेडक्लार्कने अर्ज उलटासुलटा करून पाहिला. "एका अर्जात तीन विषय? असं चालत नाही. तीन अर्ज करा."

"पण दुखणं एकच आहे हो."

"दुखणं एक असेल. शाखा तीन आहेत."

तीन अर्ज झाले. कोंड्याचा कल्याण शाखेकडे, पाण्याचा देखभाल शाखेकडे आणि हाकेचा शिस्त शाखेकडे गेला.

कल्याण शाखेला तीन वर्षांत कोणाचं कल्याण करायची संधी मिळाली नव्हती. ती अर्जावर तुटून पडली. शिवाय साहेबांचंही पोट साफ होत नसे. हे फक्त साहेबांना आणि त्यांच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या पाचपन्नास माणसांना ठाऊक होतं. साहेबांनी त्याच दिवशी सही केली. एका कारकुनाची विनंती चार दिवसांत सगळ्या ऑफिसची योजना झाली: प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज अकरा वाजता वाटीभर कोंडा जागेवर बसून खाणे व खाल्ल्याची सही करणे. मूळ चिठ्ठीतला 'हळूहळू' हा शब्द तेवढा वगळण्यात आला. हळूहळू हे उद्दिष्टात मोजता येत नाही, असा शेरा होता.

देखभाल शाखेने पाण्याच्या अर्जावर विचारणा केली: 'वाढवा' म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? सध्या किती पाणी पिता, याचा दाखला जोडावा. कारकुनाने लिहून दिलं की ऑफिसात सध्या शून्य. शाखेने कळवलं की शून्यात वाढ कशी करायची, याबाबत मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत यंत्राचं कुलूप उघडू नये.

शिस्त शाखेचा बारीक डोळ्यांचा प्रमुख आणखी दूरचा विचार करणारा निघाला. "कोंडा वाढला की हाका वाढणार," तो म्हणाला. "आधीच बांध घातलेला बरा." दिवसाला प्रत्येकी एकदाच किल्ली, आणि तीही चार मिनिटं, असा हुकूम निघाला.

पहिल्या दिवशी लोकांनी कोंडा हसत खाल्ला. दुसऱ्या दिवशी खोकत खाल्ला. आठव्या दिवशी ऑफिसात कोणी हसत नव्हतं आणि खोकायची तर कोणाची छातीच होत नव्हती. टंकलेखिकाबाई खुर्चीत वाकड्या होऊन बसू लागल्या. हेडक्लार्कच्या शर्टाची दोन बटणं कामावर असताना तुटली. शिस्त शाखेचा प्रमुख किल्ली घेऊन आत गेला तो चार मिनिटांनी, गेला तसाच, स्वतःच्याच वहीत सही करून परत आला.

तरी कल्याण शाखेचा अहवाल चोख गेला. कोंडासेवन शंभर टक्के, तक्रारी शून्य. तक्रारीच्या नमुन्यात प्रश्न एकच होता: 'आपण कोंडा खाल्ला का?'

कारकुनाचं पोट आता नगाऱ्यासारखं झालं होतं. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या, विस्तव आणि दंगेखोर पोरं यांतलं काय कसं हाताळायचं, हे तिला कळत होतं. तिने चिठ्ठी वाचली.

"अहो, यात परवानगी कुठे मागितलीय?"

"अगं, ऑफिसच्या वेळेत..."

"घरचा नळ कोणत्या शाखेकडे आहे?"

दुसऱ्या दिवसापासून तिने कोंडा वाटीवरून सरळ एका चमच्यावर आणला. सकाळी दोन ग्लास पाणी समोर उभं राहून पाजलं आणि दोन बाटल्या त्याच्या पिशवीत टपालाखाली दडवल्या. ऑफिसातला वाटीभर कोंडा तो सहीपुरता चाखायचा आणि उरलेला खिडकीतल्या कबुतरांना घालायचा. कबुतरांना पाण्याची अडचण नव्हती.

पाचव्या दिवशी वरून तपासणी आली. तपासणी अधिकारीबाई मधोमध बसल्या. साहेब उभे राहून भाषण करत होते, कारण त्यांना बसवत नव्हतं. "ही योजना," साहेब म्हणाले, "आमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पोटात..."

तेवढ्यात कारकुनाला हाक आली. एकोणीस वर्षांत तो साहेब बोलत असताना उठला नव्हता. पण सोमवारमागून सोमवार आठवले आणि तो उठला. शिस्त शाखेच्या टेबलावरची किल्ली त्याने वहीत सही न करता उचलली आणि सगळ्यांदेखत चालू लागला.

परतला तेव्हा साहेबांचं भाषण थांबलेलं होतं आणि त्याच्या टेबलावर नोटीस पडलेली होती: शिस्तभंगाबद्दल कामावरून का काढू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. पण सगळे बघत होते ते त्याच्या तोंडाकडे. त्या तोंडावर असं समाधान होतं, की ऑफिसात तसं कोणाच्या निवृत्तीलाही दिसलं नव्हतं.

जाताना अधिकारीबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काय घेता तुम्ही?"

"पाणी, बाई. आणि चमचाभर कोंडा."

"बरं, सांगायचं नसेल तर राहू द्या."

मग हेडक्लार्क आला, टंकलेखिकाबाई आल्या, शिस्त शाखेचा प्रमुख मागच्या दाराने आला. सगळ्यांना कारकुनाने तेच उत्तर दिलं. सगळे दुखावून गेले. "एवढी वर्षं शेजारी बसलो," हेडक्लार्क म्हणाला, "आणि साधं औषधाचं नाव सांगवत नाही?" शेवटी साहेबांनी बोलावलं. नोटिशीची फाइल पुढ्यात होती. "हे बघ," साहेब टेबलाला धरून म्हणाले, "तू मला ते दे, मी हे फाडतो."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने पिठीसाखरेचा डबा काढला आणि शाळेतल्या सफाईने कागदाच्या ढीगभर पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एक पुडी दोन ग्लास पाण्यातून, दिवसातून चार वेळा. जेवणात पालेभाजी आणि फळ असल्याशिवाय लागू पडणार नाही. हाक टाळल्यास गुण जाईल.'

"ही फसवणूक नाही का?" कारकुनाने विचारलं.

"पाणी खरंच आहे ना?"

पुड्या साहेबांपासून सगळ्यांना वाटल्या गेल्या आणि आठवडाभरात ऑफिस मोकळं झालं. पाण्याच्या यंत्राचं कुलूप कोणी तोडलं, ते कळलं नाही; तपास करायला कोणी जागेवर सापडेना. नोटीस फाटली. पुडीची कीर्ती इतर ऑफिसांत गेली. साहेब भेटेल त्याला सांगत, "पाणीबिणी ठीक आहे हो, पण गुण पुडीचा." देखभाल शाखेचा निर्णयही यथावकाश आला: आता कोणाचीच तक्रार नसल्याने पाण्याची गरज सिद्ध होत नाही, प्रकरण बंद.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. आता हे मिटवून तुम्ही स्वयंपाकघरात जाल आणि पिठीसाखर शिल्लक आहे का, ते बघाल. पाण्याचं भांडं तिथेच शेजारी असतं.