बारा माशांचं पोट

१९८४ साली डासनिर्मूलन खात्याने मिरजोळ्यापलीकडच्या एका वाडीत, ठमाबाईच्या विहिरीत बारा गप्पी मासे विधिवत सोडले. ते डासांच्या अळ्या खाणार आणि वाडीचा हिवताप जाणार. निरीक्षक आत्मारामसाहेबांनी कागदावर ठमाबाईचा अंगठा घेतला. मासा मेला तर विहीर सील होईल, हे त्यांनी ती अंगठा पुसत असताना सांगितलं. वाडीला पाण्याची विहीर तेवढी एकच.

कुटुंबनियोजनाचे दिवस, म्हणून खात्याने बाराही नर पाठवले होते. पण कामाला वाघ! महिन्याभरात त्यांनी शेवटची अळी मटकावली, वाडीचा ताप उतरला आणि मासे उपाशी पडले.

ठमाबाईने साहेबांना गाठलं. "साहेब, वाईच भात घालू काय त्यांना?"

"काय खुळ्यासारखं बोलता! मंजूर आहार एकच, अळी."

"पण अळ्या संपल्या वो."

"म्हणजे पुरवठा तुम्ही बघायचा. अंगठा तुमचा आहे."

करते काय बिचारी! तिने परसात नारळाच्या करवंट्या मांडून पाणी भरलं. डासांना काय, आवतण लागत नाही. आठवड्यात अळ्या वळवळू लागल्या. एकटीला झेपेना, तेव्हा विहिरीपायी वाडीने घरटी वीस करवंट्या वाटून घेतल्या. मासे तुकतुकीत झाले. पण बारा मासे खाऊन खाऊन खाणार किती? उरलेल्या अळ्यांना पंख फुटले. गणपतीपर्यंत अख्खी वाडी गोधडीत कुडकुडत होती.

"करवंट्या पालथ्या घाला रे मेल्यांनो!" शेजारची गुणवंती दात वाजवत म्हणाली.

"नि पाणी कुठलं पिशील? माझं हाडूक?" ठमाबाई भडकली.

साहेब तपासणीला आले. मासे मोजले, बारा. माणसं मोजण्याचा रकाना नव्हता. ताप पाहून त्यांनी शेरा मारला, "मासे अपुरे. आणखी शंभर पाठवावेत." आणि करवंट्या घरटी दोनशे केल्या.

विहीर मात्र वाचली, आदर्श विहीर म्हणून जिल्ह्यात पहिली आली. गोधडी पांघरून ढाल घेणाऱ्या ठमाबाईचा फोटो पेपरात छापून आला होता. तुम्हीही पाहिलात की तो! चहाचा घोट घेत, मानेवरचा डास मारत म्हणालात, "काही म्हणा, सरकार काहीतरी करतंय हो!"