सरकारजमा होण्याचा धोका

उदारीकरणाचं वारं नुकतंच वडवणीपर्यंत पोचलं होतं, त्या साली आठवडी बाजारातल्या सभेत उमेदवार राधाकिशनरावांनी जाहीर केलं, की आपण निवडून येताच वीज देणारी खाजगी तेजोनिधी कंपनी पुन्हा सरकारजमा करू. टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त गिरणीवाले धोंडप्पा लसणाची गड्डी हातात घेऊन जागच्या जागी गार झाले.

कारण सरकारने वीज या कंपनीच्या हवाली केली, तेव्हा धोंडप्पांनी बायकोच्या पाटल्या मोडून कंपनीचे शेअर घेतले होते. तालुक्यात असे ते एकटेच. दोनाच्या चार पाटल्या करून देतो, असा शब्दही त्यांनी दिला होता, आणि महानंदाबाई शब्द विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

"भाषण ऐकलं म्या," त्या म्हणाल्या. "आता पाटल्या बी सरकारजमा का?"

धोंडप्पा तडक राधाकिशनरावांकडे गेले.

"साहेब, कंपनीवर येवढा राग कावून?"

"माझा न्हाई आप्पा, लोकांचा हाय. लई राग हाय. कंपनीची माणसं तारेवरचे आकडे काढायलेत. सरकारी बोर्डानं कधी असा अपमान केलता का?"

हे धोंडप्पांना एकदम पटलं. त्यांच्या गिरणीलाही मीटर होतं. पण ते झिजू नये म्हणून त्यांनी ते वापरातून वगळलं होतं आणि गिरणी आकड्यावर चालत होती. त्यांनी कंपनीला रीतसर अर्ज केला: 'आकडे काढल्याने जनक्षोभ होतो, जनक्षोभाने राजकीय धोका वाढतो, धोक्याने शेअर पडतो. सबब आकडे काढू नयेत.' कंपनीचं उत्तर आलं: 'आकडे ठेवल्याने तोटा होतो. तोट्यानेही शेअर पडतो. कळावे.'

धोंडप्पांनी दोन दिवस दळण बंद ठेवून विचार केला. मग अंबाजोगाईला कंपनीच्या वार्षिक सभेत उभं राहून त्यांनी ठराव मांडला: 'भागधारक हा कंपनीचा मालक होय. मालकाने आपल्याच घरचा माल आपल्या हाताने घेतल्यास त्यास चोरी म्हणता येणार नाही.' जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या शेतात पाण्याच्या मोटारी होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

बातमी वडवणीत पोचताच शेअरवर उड्या पडल्या. बंकट पानवाल्याने टपरीसाठी घेतला, भिवराबाईने खानावळीसाठी घेतला, उत्सव समितीने वर्गणी काढून लाऊडस्पीकरसाठी घेतला. भाव दुप्पट झाला. राधाकिशनरावांनी उसासाठी दोनशे घेतले आणि पुढच्याच सभेत गरजले, "कंपनीकडं वाकड्या नजरेनं बघणाराची गाठ माझ्याशी हाय!" राजकीय धोका समूळ नष्ट झाला.

"आता इकून टाका," महानंदाबाई म्हणाल्या.

"येडी का काय? आत्ताच तर धोका गेलाय."

आठ महिन्यांनी कंपनीने ताळेबंद मांडला. तालुक्यात ग्राहक चौदा हजार, त्यांतले मालक तेरा हजार नऊशे नव्व्याण्णव. बिल भरणारे एकटे आदिनाथ मास्तर. शेअर रद्दीच्या भावाला आला. धोंडप्पांना बायकोच्या मोकळ्या मनगटाकडे बघवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खरीखुरी लाज वाटली.

लाजेपोटी त्यांनी मोर्चा काढला. "कंपनी सरकारजमा झालीच पाहिजे!" राधाकिशनराव, जे आता आमदार होते, सगळ्यांत पुढे होते. मागणी वाजवी होती: तोटा सरकारने घ्यावा आणि भागधारकांना भरपाई मात्र सर्वांत चढ्या भावाने द्यावी. बुडालेल्या कंपनीची किंमत करताना तिचे चांगले दिवस विसरणं माणुसकीला धरून नाही, असं निवेदनात म्हटलं होतं. सरकारला माणुसकी पटली. भागधारक वरपर्यंत असावेत.

महिन्याभरात महानंदाबाईंच्या हातात चार पाटल्या आल्या. आकडे आता सरकारी तारेवर लोंबू लागले आणि तालुक्यात पूर्ववत शांतता नांदू लागली.

"पर येवढा पैका सरकारनं आणला कुठून?" महानंदाबाईंनी पाटल्या फिरवत विचारलं.

"जे बिल भरतेत, त्यांच्या बिलात तळाला एक वळ वाढवली म्हणं. 'इतर आकार' म्हणून. कुणी वाचतच न्हाई."

वाचकहो, आपलं बिल एकदा काढून बघा. ती ओळ सापडली, तर महानंदाबाई आपल्या आभारी आहेत. आणि आपल्याला बिलच येत नसेल, तर या मालक, बसा. धोंडप्पा चहा सांगतायत.